टॉर्पेडोवरचा बिछाना

चिखलोलीच्या बिल्डिंगमध्ये मोतीबाईंना एकच दुखणं होतं, आणि ते समोरच्या दारात राहायचं. भिमाबाई.

दोघींचे नवरे, कमळाकरराव आणि चिंतामणराव, नेव्हीत एकाच पाणबुडीवर होते. रिटायर झाल्यावर दोघा मित्रांनी समोरासमोर फ्लॅट घेतले आणि बायकांच्या मागे जन्माचा ताप लावून दिला. भिमाबाईंकडे नवा पडदा आला की मोतीबाईंचा जुना त्याच आठवड्यात फाटायचा. कसा, ते कात्रीला माहीत. भिमाबाईंच्या लोणच्याचा वास जिन्यात आला की मोतीबाईंना अ‍ॅसिडिटी व्हायची.

आता ती पाणबुडी म्हातारी झाली. भंगारात न घालता तिला किनाऱ्यावर ओढून म्युझियम करायचं ठरलं. लोकांनी तिकीट काढून आत शिरायचं, खलाशी कसे राहायचे ते बघायचं. त्यासाठी फायबरचे पुतळे करायचं काम आनंदनगरच्या एका कारखान्याला मिळालं. चेहरे खऱ्या खलाशांचे हवे होते, म्हणून कारखान्यातली नेत्रा फोटो काढायला मोतीबाईंकडे आली. समोरचे दोघेही तिथंच चहाला आले.

ती म्हणाली, "टॉर्पेडोच्या वर एक बिछाना आहे. पब्लिक तिथंच जास्त थांबणार. पण नेव्हीच्या यादीत त्या बिछान्यावर नावं या दोघांचीही आलीत, आणि पुतळा एकच झोपवता येईल."

मोतीबाईंनी कप खाली ठेवला. तो बिछाना कमळाकररावांचा, हे त्या लग्न झाल्यापासून ऐकत होत्या, आणि ऐकलं त्याच्या दुप्पट सांगत होत्या. एकदा म्हणे देवमाशाने बाहेरून टकटक केली, तर यांनी पडल्या पडल्या "सुट्टे नाहीत" म्हणून त्याला परत पाठवलं. आणि आता त्या गादीवर चिंतामणराव?

दोघे म्हातारे मात्र हसायला लागले. पाणबुडीत बिछाने कमी, माणसं जास्त. एक ड्युटीवर गेला की दुसऱ्याने त्याच गादीत शिरायचं. गादी गरमच असायची, लगेच झोप लागायची.

मोतीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. घरी या माणसाला फॅन पाचवर लागतो, बायकोच्या गोधडीचं टोक लागलं तरी उकडतं म्हणून सरकतो. आणि चिंत्याच्या घामात याला गाढ झोप यायची. भिमाबाईंचा हेवा जुना होता, आता तिच्या नवऱ्याचाही वाटायला लागला.

"बिछाना आमचाच," त्या नेत्राला म्हणाल्या. "आधी कोण पडलं ते विचार."

त्यांना वाटलं, भिमाबाई भांडेल. पण भिमाबाई गोड हसली. "घ्या हो मोतीताई. आमचे कुठंही उभे राहतील."

झालं. मोतीबाईंनी नेत्राच्या हातात डब्यातले सगळे लाडू कोंबले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांना बातमी पोचवली.

पुतळे ट्रकवर चढायच्या आधी चौघे रिक्षाने आनंदनगरला गेले. शेडमध्ये शिरताच मोतीबाई थबकल्या. चिंतामणराव सुकाणूशी उभे. निळा युनिफॉर्म, कानाला हेडफोन, नजर अशी की समुद्रानेच नमस्कार करावा. कामगार बायका त्यांच्यासोबत सेल्फी काढत होत्या. आणि कोपऱ्यात कमळाकरराव. अंगात बनियन, छातीपर्यंत चादर, तोंड अर्धं उघडं.

"यांना उठव," मोतीबाई म्हणाल्या.

नेत्राने समजावलं की फायबर आता वळत नाही. शिवाय एक ड्युटीवर असताना दुसरा झोपलेलाच असणार ना.

"छान डोळा लागलाय भावोजींना," भिमाबाई म्हणाली. "कुणी उठवू नका."

खुद्द कमळाकरराव खूश. पुतळ्याचे पाय हुबेहूब जमलेत, असं ते चिंतामणरावांना दाखवत होते. असल्या नवऱ्यासाठी भांडावं तरी कुणी.

मोतीबाईंनी पदर खोचला. पुतळ्याशेजारी पाटी लागणार का, ते विचारलं. लागणार होती.

"मग लिही. हे झोपलेले नाहीत. उशीला कान लावून शत्रूची बोट ऐकतायत. डोळे मिटल्याशिवाय एवढं लांबचं ऐकू येत नाही. आणि हे बोलल्याशिवाय त्या उभ्या माणसाने सुकाणूला हात लावायचा नाही, अशी वरून ऑर्डर होती."

भिमाबाईंचं हसू ओठातच अडकलं. शेडमध्ये शिरल्यापासून मोतीबाईंना पहिल्यांदा बरं वाटलं.

नेत्राने पेन हवेतच धरलं. "आजी, हे खरं आहे?"

"मला कशाला विचारतेस?" मोतीबाईंनी चादरीतल्या नवऱ्याकडे बोट केलं. "त्यांना विचार. पण हळू बोल, कामात आहेत."