मास्तरांचा अंगठा

"टाके कोणी काढले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

शिंपीमास्तरांचा उजवा हात टेबलावर होता. अंगठ्याच्या मुळाशी जखम उघडी पडून लाल झाली होती.

"मीच," मास्तर म्हणाले. "कातडी छान जुळली होती. जुळलं की कच्चा टाका काढून टाकायचा, नाहीतर खुणा राहतात."

शिंप्याला टाके घालून घरी पाठवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण देणंच. पण बाई हसल्या नाहीत.

"तुम्हाला मधुमेह आहे. साखर वाढलेली असली की जखम वरून मिटते, आतून भरत नाही. म्हणून मुद्दाम टाके जास्त दिवस ठेवले होते. गोळ्या घेताय ना?"

मास्तर छताकडे बघू लागले.

"साखरेच्या बंद केल्यात त्यांनी," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "म्हणे ऑपरेशन हाताचं, त्यात साखरेचा काय संबंध?"

"तू गप्प बस गं."

"इतकी वर्षं गप्पच बसले."

वाकवताना अंगठा अडकायचा, कात्री मध्येच थांबायची, म्हणून तर हे लहानसं ऑपरेशन करून घेतलं होतं. शिवणारे गावात पुष्कळ होते. महागाचं कापड मात्र लोक मास्तरांच्याच कात्रीखाली देत. बायको काजं करी, बटणं लावी. कापायला तिला त्यांनी कधी दिलं नव्हतं.

"कात्री धरता येईल ना?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"साखर ताब्यात ठेवलीत तर जखम भरेल. पण आत पू झाला, अंगठा आखडलाय. व्यायाम करा, थोडा मोकळा होईल. पहिल्यासारखा होईल असं मी म्हणणार नाही."

मास्तर गोळ्या वेळेवर घेऊ लागले. वरातीमागून घोडं, पण घोडं आलं खरं. जखम भरली. रबरी चेंडू दाबून दाबून मनगट दुखू लागलं, तरी अंगठा अर्ध्यावरच थांबे.

एका सकाळी एक जुनं गिऱ्हाईक कोटाचं कापड घेऊन आलं. "मुलीचं लग्न आहे. तुम्हीच कापणार ना?"

"माझ्याच दुकानात कापलं जाईल," मास्तर म्हणाले. एवढंच खरं बोलता येत होतं.

ते गेल्यावर मास्तरांनी कापड पसरलं, खडू दोन बोटांत धरून रेघा मारल्या. रेघा नेहमीसारख्याच सुबक आल्या. मग कात्री उचलली. पाती उघडली ती मिटेनात. पुन्हा करून पाहिलं.

"अहो, राहू द्या," बायको म्हणाली.

त्यांनी कात्री तिच्यापुढे धरली. "घे."

"माझा हात चुकला तर?"

"माझ्या रेघेवरनं चाल."

समोर बसलो तर बोलल्याशिवाय राहवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसले. मागे कापडात कात्री शिरली, अडखळली, आणि आवाज बंद झाला.

मास्तर वळले नाहीत.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "बरोबर चाललंय."