दोरीवरच्या पाच पट्ट्या

"काका, नुसते बसून काय राहिलात? तुम्ही पण लिहा की," पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी म्हणाली.

तिसरीच्या बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या होत्या व वर्ग माझ्या हवाली होता. मी शाळेचा शिपाई; शिक्षण सातवीपर्यंतचे. एकवीस वर्षांत माझी घंटा मिनिटभरही चुकलेली नाही, एवढेच काय ते माझे भूषण.

पाठ होता घटना क्रमाने लिहिण्याचा. बाईंची पद्धत अशी की, प्रत्येकाने आपल्या एका सकाळच्या पाच घटना कागदाच्या पाच पट्ट्यांवर लिहाव्यात, त्या पिसाव्यात, आणि शेजाऱ्याने त्या क्रमाने लावून कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर टांगाव्यात.

"काका, याने आधी अंग पुसलंय आणि मग आंघोळ केलीय!" मागून कुणीतरी ओरडले. वर्ग खिदळला.

मी लिहावयास बसलो. तीन महिन्यांपूर्वी माझी पत्नी निवर्तली, त्या सकाळीवाचून दुसरी सकाळ आठवेना. लिहिताना दुःख असे काही जाणवले नाही. अक्षर मात्र वळणदार आले.

चष्मेवालीने पट्ट्या ओढून घेतल्या व मोठ्याने वाचल्या. 'मी दार ओढून घेतले.' 'तिने आतून हाक मारली.' 'मी घंटा दिली.' 'मी चपला घातल्या.' 'मी आलोच म्हणालो.'

"हाक शेवटी लाव," मी म्हणालो. "मी निघून गेल्यावर मारली असेल."

"अहो काका! गेल्यावर मारली तर तुम्हाला ऐकू कशी आली? आणि आलोच कुणाला म्हणालात, दाराला?"

तिने पट्ट्या भराभर टांगल्या. चपला, हाक, आलोच, दार, घंटा. मग कमरेवर हात ठेवून ती दोरीकडे पाहत राहिली.

"एक राहिली. तुम्ही आत गेलात ती कुठाय?"

"ती नाही."

"मग आलोच म्हणालात कशाला?" असे म्हणून ती दुसऱ्याच्या पट्ट्यांकडे वळली.

मधल्या सुट्टीत लेक नेहमीप्रमाणे डबा घेऊन फाटकाशी आली. आई गेल्यापासून ती मला वरचेवर एकच विचारी, "बाबा, आई जाताना काही बोलली का हो?" आणि मी सांगत असे, "नाही गं. मी निघालो तेव्हा ती गाढ झोपेत होती."

त्या दिवशी तिने काही विचारले नव्हते. मी खिशातून एका चिमट्यात धरलेल्या पाच पट्ट्या काढून तिच्या हाती दिल्या.

"हे काय आता? बाईंनी तुम्हालाही अभ्यास दिला?"

"क्रमाने आहेत. वरून वाच."

ती हसतच वाचू लागली. दुसऱ्या पट्टीला हसू ओसरले. पाचवी वाचून झाल्यावर तिने ती उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

"काका, घंटा!" मैदानातून पोरे ओरडू लागली. "दोन मिनिटं वर झाली!"

लेक खाली मान घालून उभी होती. घंटेचा हातोडा माझ्या हातात होता.

"जा," ती म्हणाली. "तुमची घंटा राहिलीय."

मी गेलो नाही.