कोबीवरचा दगड

पश्चिमेकडच्या कोम डोंगराच्या शिखरावरून एक खडा उचलायचा, खिशात टाकायचा, वीस-पंचवीस दिवस डोंगरधारेनं पूर्वेकडं चालायचं आणि एमिनेच्या टोकाला तो काळ्या समुद्रात भिरकावायचा, अशी आमच्याकडं रीत आहे. शहाणी माणसं वाटाण्याएवढा खडा उचलतात. गेना एकवीस वर्षांची असताना शहाणी नव्हती. बरोबरच्या पोरांना दाखवायचं म्हणून तिनं चांगला पावाएवढा धोंडा पाठीवर घेतला आणि अर्ध्या वाटेवर, ओर्लिनाच्या मुक्कामघरापाशी, पाय मुरगळून बसली. पाय बरा होईस्तोवर तिथला राखणदार त्सान्को तिच्या मनात भरला. लग्न झालं, आणि धोंडा सासूबाईंनी धुऊन कोबीच्या पिंपात टाकला. मिठाच्या पाण्यात आंबवायला घातलेली कोबी वर येऊ नये म्हणून वजन लागतंच. सून बरी मिळाली, येताना दगड घेऊन आली, असं त्या गावभर सांगत सुटल्या.

त्याला चाळीस वर्षं झाली. सासूबाई गेल्या, त्सान्को गेला, मुक्कामघर एकट्या गेनावर आलं. दर उन्हाळ्यात चालणाऱ्यांची रांग लागायची. बाहेर बुटांचा ढीग, दोरीवर मोजे, आत घेवड्याच्या सूपचं पातेलं. ओर्लिनाहून खाली शहराकडं रस्ता उतरतो आणि तिथून बस मिळते, त्यामुळं हार मानायची ती नेमकी इथंच. हरलेला माणूस आपला खडा खिडकीच्या कठड्यावर ठेवून खाली उतरायचा, कारण तो घरी न्यायची लाज वाटते. गेनाला हे अजिबात खपत नसे. कोणी कठड्याकडं वळलं की ती सूपची वाटी त्याच्यापुढं आदळायची आणि म्हणायची, "ऊठ. समुद्र काही इथवर यायचा नाही." निम्मे तरी उठायचे.

यंदा जुलैत योआना नावाची चोवीस वर्षांची पोरगी आली. टाचांना फोड आलेले, तोंड उतरलेलं. तिनं कठड्यावर खडा ठेवताच गेनाचं कीर्तन सुरू झालं. पोरीनं शांतपणे सूप संपवलं, वाटी पुसली आणि विचारलं, "मावशी, तुम्ही चालत जाऊन पाहिलाय का समुद्र?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय! गेनाचा पाषाण तर कोरडाही नव्हता, वर्षातले सहा महिने खाऱ्या पाण्यात बुडालेला असायचा.

खेचरांवरून किराणा घेऊन येणारा नाय्देन कोपऱ्यात बसला होता, त्याला हसता हसता ठसका लागला. गेनापेक्षा तिच्या कोबीनं जास्त पाणी पाहिलंय, असं तो म्हणाला. गेना हसली नाही. वसंतात डॉक्टरनं तिला सांगून ठेवलं होतं, की गुडघा झिजलाय, शरदात ऑपरेशन, त्यानंतर डोंगर विसरायचा. म्हणजे हा उन्हाळा, नाहीतर कधीच नाही. ही गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती, पण आतून ती तिला कुरतडत होती.

ती तळघरात गेली आणि रिकाम्या पिंपाच्या तळातून धोंडा काढून आणला. योआनाला म्हणाली, "तू खडा उचलत असशील तर मीही येते." पोरीनं कठड्यावरचा खडा परत खिशात टाकला.

नाय्देननं मिशीवरून हात फिरवला. लष्करातून सुटल्यापासून राखलेली मिशी होती ती, तालुक्यात तशी दुसरी नव्हती. "गेने, बुधवारी परत येशील," तो म्हणाला. "हा धोंडा घेऊन समुद्र गाठलास, तर ही मिशी उतरवीन."

"वस्तऱ्याला धार लावून ठेव," गेना म्हणाली, आणि मुक्कामघराच्या किल्ल्या त्याच्याच गळ्यात अडकवून निघाली.

चाळीस वर्षांचा आंबूस वास दगडात मुरलेला. ऊन तापलं की पिशवी घमघमायची. मुक्कामाला तिची पिशवी बाहेर टांगायला लावायचे. तिसऱ्या दिवशी तिचं नाव कोबीमावशी पडलं आणि तिच्याआधी पुढच्या गावात पोचलं. उंच धार संपून जंगल लागलं, गोचीड आणि काटे आले, झाडांवरच्या लाल-पांढऱ्या खुणा झुडपांत हरवू लागल्या. योआना दगड घेते म्हणायची, पण आपला दगड आपणच न्यायचा असतो.

नवव्या दिवशी गुडघा टम्म फुगला. डांबरी सडकेवर लाकडं नेणारा ट्रक थांबला, बस गाठून देतो म्हणाला. गेना मैलाच्या दगडापाशी बसली. तिनं पिशवीतून धोंडा काढला आणि मैलाच्या दगडावर ठेवला.

योआना तिच्यासमोर उभी राहिली. "उठा, मावशी," ती म्हणाली. "समुद्र काही इथवर यायचा नाही."

गेनाचे कान तापले. "माझंच बोलणं मला ऐकवतेस?"

"तुमचंच आहे, म्हणून तर लागलं."

गेना रागानं रडली. तिनं पोरीला, डॉक्टरला, गुडघ्याला, सगळ्यांना एकेक शिवी हासडली आणि धोंडा परत पिशवीत घातला. ट्रकवाल्यानं दोन काठ्या तोडून दिल्या. उरलेली चार दिवसांची वाट त्यांनी सात दिवसांत काढली.

एमिनेला पोचल्या तेव्हा सकाळ होती. कड्यावरून खाली उतरून गेना बुटांसकट पाण्यात शिरली. सुजलेल्या गुडघ्याला गार पाणी लागलं तेव्हा बरं वाटलं. तिनं धोंडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि सगळा जीव लावून फेकला. तो जेमतेम दोन हातांवर पडला आणि दोघींना नखशिखांत भिजवून गेला. "त्सान्को, पोचले रे!" ती ओरडली. इतका आनंद झाला होता की मोकळ्या हातांचं काय करावं तेच तिला कळेना. मग योआनानं आपला खडा भिरकावला, गेनानं तिला कवेत घेतलं आणि दोघी पाण्यात बसल्या.

बसनं आणि मग खेचरावरून ती ओर्लिनाला परतली, तर दारात नाय्देन उभा. बातमी आधीच पोचली होती. मिशीच्या जागी सोललेल्या बटाट्यासारखा ओठ. सूप गरम आहे, एवढंच तो म्हणाला.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात कोबी घालायची वेळ आली. नाय्देननं पिंप भरून दिलं आणि वजन काय ठेवायचं म्हणून विचारलं. गेनानं पलंगाखालून एक काळा, गुळगुळीत धोंडा ओढून काढला. एमिनेच्या पाण्यातला होता, चांगला पावाएवढा.

नाय्देनचा हात आपसूक ओठावर गेला. "आता हा कुठं न्यायचा?"

"कोमवर," गेना म्हणाली. "पण घाई नाही. आधी चाळीस वर्षं कोबी दाबू दे."