गालावरची चार बोटं

एकाहत्तर सालची गोष्ट. तिसगावच्या साळूबाईची हौसा तेव्हा चौदा वर्षांची होती. कावळा शिवला की पोरीनं चार दिवस गोठ्यात बसायचं, कुणाला शिवायचं नाही, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचं, ही घरची रीत. या खेपेला अकरावा दिवस उजाडला तरी हौसाचं थांबेना. साळूबाईनं आळीत सांगून टाकलं, पोरगी मामाकडं गेलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची! भाकरी वरून टाकायची, पाणी वरून ओतायचं आणि मान फिरवून निघून यायचं. लेकीचं असलं काही बघायची तिला लाज वाटायची.

पण शेजारच्या राहीबाईच्या नजरेतून काही सुटत असेल तर शपथ. गोठ्यामागं रोज वाळणारी फडकी तिनं बरोबर हेरली.

"साळू, पोरगी घरातच हाय तुझी. इतके दिस अंगावर जातंय म्हंजे... पोटातलं तर पडलं न्हाई ना?"

मन चिंती ते वैरी न चिंती. साळूबाई तडक गोठ्यात गेली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं लेकीकडं धड पाहिलं. दंडांवर, पोटऱ्यांवर काळेनिळे डाग होते. कुणीतरी दाबून धरल्यासारखे.

"कोन हाय त्यो?"

"कोन, आये?"

"तुला धरनारा!"

"कुनीच न्हाई गं. आपोआप उठत्यात."

आपोआप म्हणे! साळूबाईचा हात सुटला. अकरा दिवसांत तिनं लेकीला हात लावला, तो हा असा.

दुपारपर्यंत हौसाच्या गालावर चार बोटं काळी ठिक्कर उठली. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. उभी राहायला गेली आणि घेरी येऊन खाली बसली. तेव्हा कुठं बाईची अक्कल ठिकाणावर आली. मिळेल त्या एस.टी.नं तिनं पोरीला नगरच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मग गाल पाहिला. "कुणी मारलं हिला?"

हौसाच म्हणाली, "गोठ्यात पडले."

"पडल्यावर बोटं उठत नाहीत." डॉक्टरीणबाई साळूबाईकडं वळल्या. "हे बघा, वाहतं रक्त थांबवणारे बारीक कण असतात आपल्या रक्तात. अंगाची राखण करणारी शक्तीच हिच्या अंगात उलटलीय, त्या कणांना परकं समजून मारतेय. म्हणून पाळी थांबत नाही, म्हणून जरा लागलं की डाग पडतो. यात पोरीचा काडीचा दोष नाही. रक्ताची बाटली लावू, गोळ्या देऊ, बहुतेक सावरेल. पण आधी का नाही आणलं?"

काय सांगणार? लाज वाटत होती म्हणून? आता जी वाटत होती, तिच्यापुढं ती लाज काहीच नव्हती. पोरीची राखण जिनं करायची, तिनंच पोरीला परकं करून ठेवलं होतं. साळूबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाटली लागल्यावर ती कॉटपाशी गेली. हात पुढं केला तशी हौसा भिंतीकडं सरकली. माराला भ्याली, साळूबाईला वाटलं.

"शिवू नको, आये," हौसा हळूच म्हणाली. "माझा पाचवा दिस अजून आला न्हाई."

साळूबाई कॉटवर चढली. लेकीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डॉक्टरीणबाई, ती पडली न्हाई. म्याच मारलं तिला."