लियाओसाहेबांची घाई

लियाओ पोशुंगने आमच्या जिल्ह्यात तीस वर्षं मयतांवर मतं कमावली. हे मी शिवी म्हणून लिहीत नाही, त्याचं राजकारणच ते. कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी त्याचं शोकाचं लांब कापड दारात हजर. वर दोन गोड शब्द, खाली हातभर अक्षरांत स्वतःचं नाव. त्या कापडांवरून चालत तो आधी जिल्हा सभेत गेला, मग जिल्हाप्रमुख झाला, मग राजधानी तैपेईत चार वर्षं मंत्री. मंत्री असतानाच आमच्या किनाऱ्यावर कचरा जाळायची भट्टी आली. परवानगी कुणी दिली विचारलं की म्हणायचा, तैपेईने. जसा काही तेव्हा हा चंद्रावर राहत होता. पुढे मंत्रिपद गेलं, आणि यंदा स्वारी पुन्हा जिल्हाप्रमुखपदाला उभी.

माझे बाबा, त्साय थिएनतेंग, जन्मभर कालवं पिकवत आले. भट्टीच्या धुराने फुप्फुसं निकामी झाली म्हणून नऊ दिवस इस्पितळात होते. त्यांना घरी घेऊन आलो तर दारात कापड पडलेलं. ‘सुखाने निरोप घेतला.’ खाली लियाओ.

आई किंचाळली, “जाळा ते आधी! अभद्र मेलं!”

“जाळायचं नाही,” बाबा धापा टाकत म्हणाले. “दारावर टांग. भट्टीच्या परवानगीवर सही माझीच, असं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते उतरणार नाही.”

आणि त्या कापडाखाली प्लास्टिकच्या स्टुलावर चहा घेऊन बसले. दोन दिवसांत सगळा गाव बघून गेला. तिसऱ्या दिवशी लियाओ स्वतः आला. प्रचाराची गाडी, भोंगा, सगळा लवाजमा घेऊन.

“काका, ऑफिसातल्या पोरांची चूक झाली हो.”

“चूक कसली? थोडी घाई झाली.”

लोक खो खो हसले. लियाओच्या एका माणसाने कापडाला हात घातला. बाबांनी काठी आडवी धरली.

“भट्टीच्या कागदावर सही कुणाची?”

“काका, तो निर्णय तैपेईचा...”

“आणि तैपेईत खुर्चीवर कोण बसलेलं? माझं कुत्रं?”

लियाओ वाकला आणि बाबांच्या कानाशी पुटपुटला, “माझी. झालं समाधान? उतरवा आता.” मी शेजारीच उभी होते. स्पष्ट ऐकलं.

“मोठ्यानं बोल,” बाबा म्हणाले.

तो सरळ झाला, गर्दीकडे बघून दोन्ही हात हलवले आणि हसत म्हणाला, “काकांना उदंड आयुष्य लाभो!”

माझं डोकं फिरलं. मी गाडीत चढले आणि माईक ओढून घेतला. “ऐका! भट्टीची सही याचीच! आत्ता बाबांच्या कानात कबूल केलंय. चारचौघांत बोलायची छाती नाही याची!”

“भोंगा बंद कर! बंद कर म्हणतो ना!” लियाओ ड्रायव्हरवर ओरडला.

ड्रायव्हर आमच्याच गावचा. त्याची आई दोन वर्षांपूर्वी खोकून खोकून गेली, तिलाही असंच कापड आलं होतं. त्याने आवाज आणखी वाढवला.

“ताई,” तो मला म्हणाला, “पहिल्यापासून सांग.”