पानमळ्याची पाचवी ट्यूब

मडिवाळप्पानं फुटकी ट्यूब मलप्पाच्या गल्ल्यावर अशी आपटली की गल्ल्यावरची धूळ उडून माझ्या नाकात गेली.

"चौथी हाय ही! महिन्याभरात चौथी! तू ट्यूबा विकून राहिलास का जत्रंतले फुगे?"

"मालक, जरा बसा तरी," मलप्पा म्हणाला.

"बसाया येळ कुणाला हाय? तिकडं माझा मळा मरायला लागलाय!"

मलप्पाचं दुकान देगलूरच्या बसस्टँडामागं. सायकलींचं आणि मोपेडींचं सामान विकायचा. माणूस सरळ, पण त्या दिवशी मलाही त्याचा राग आलेला. आम्ही सकाळपासून मडिवाळप्पाची मोपेड दहा किलोमीटर ढकलत आणलेली. मागच्या चाकात हवा नाही, दोन्ही अंगांना रिकामे डबे आदळतायत, आणि ऊन असं की रस्त्यावरच्या डांबरात चपला रुतत होत्या.

आमचं गाव उदगीरकडचं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली, तरी आमच्या तोंडी तो नवाच जिल्हा. त्या साली पाऊस आलाच नाही. गावात पाच पानमळे होते, त्यातले चार वाळून गेले. माझाही गेला. उरल्या फक्त मडिवाळप्पाच्या दोन ओळी, साठ-सत्तर वेली. त्या जगल्या तर पुढच्या साली सगळ्यांना लावायला बेणं मिळणार होतं. त्या गेल्या की गावातून पानाचं नावच गेलं. म्हणून मी माझी कामं टाकून त्याच्या मागं फिरत होतो. उगाच मैत्रीचं नाव कशाला घेऊ?

गावाला टँकर यायचा, तो पिण्यापुरता. बैल छावणीत, गाड्या उभ्या. मडिवाळप्पा लेंडी नदीच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यातून मोपेडवर पाणी आणायचा. दिवसाला तीन खेपा. मोपेड बसली की मळा तहानलेला. आदल्या दिवशी वेलींना थेंब नव्हता.

मलप्पानं ट्यूबेत हवा भरली. पंक्चर बघायचं घमेलं त्यानं पालथं घालून ठेवलेलं, कारण त्यात टाकायला पाणी नव्हतं. त्यानं ट्यूब गालाजवळ धरली आणि डोळे मिटून हळूहळू फिरवली.

"काटा न्हाई हो मालक. खिळाबी न्हाई. ही सगळीकडनं खरडलीय. बारीक बारीक भोकं हायत, सुईच्या टोकाएवढी."

"रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी हाय ती तुला दिसंना का?"

"खडी टायर फाडती. टायर तर धड हाय." मलप्पानं विचारलं, "पावडर मारून बसवता न्हवं? उन्हात ट्यूब टायरला चिकटती. पहिल्यांदाच सांगितलं व्हतं तुमाला."

"मारतो की! तुझ्या पावडरीपेक्षा भारी मारून राहिलो."

मलप्पानं पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर ही गोष्ट तिथंच मिटली असती.

त्यानं तीन ट्यूबा काढून ठेवल्या. मडिवाळप्पा त्या निवडायला असा बसला, जसा बाजारात बैल बघतोय. एक ट्यूब गुडघ्याला लावून ताणली. जोडावर अंगठा फिरवला. वास घेतला. हवा भरायची नळी जिथं रबराला जोडलेली असते, ती जागा दातानं दाबून पाहिली.

"ही लाल लई पातळ हाय."

"सायकलीला चालती. ओझ्याला ती काळी घ्या," मलप्पा म्हणाला. "हातात धरून बघा, वजन हाय तिला. जोडबी जाड हाय. ह्याच्यावर माझ्याकडं माल न्हाई."

"हीबी फुटली तर?"

"तर दुकान बंद करून तुमच्या मळ्यात पाणी शेंदाया येतो. आणा चाक, बसवून देतो."

"हात लावू नको! तुझ्या टायर काढायच्या पट्ट्याच चावतात ट्यूबला. माझी मी बसवतो."

दुकानाकडं पाठ करून समोरच्या लिंबाखाली त्यानं चाक उघडलं. ट्यूब आत घालण्याआधी कमरेचा बटवा सोडला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि चिमूट चिमूट इभूत टायरात सोडली. त्याच्या आईच्या, रत्नम्माच्या, हातची इभूत. ती गोवऱ्या जाळून घरीच करायची, आणि अर्ध्या गावाच्या कपाळाला तीच असायची. मलप्पानं सांगितलेल्या पावडरीच्या जागी आमच्या गड्यानं शंकराची पावडर घातलेली. मी काय केलं? चाकाला हात जोडले. मला तर ते झकास वाटलं.

झिऱ्यावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वाटीवाटीनं पाणी भरून दोन डबे भरले. मी मागं बसून दोन्ही हातांनी डबे धरले. गाडी नीट चालली. मडिवाळप्पा एकदा मागं वळून हसलासुद्धा.

गाव चार किलोमीटर राहिलं आणि चाकाखालून सूंऽऽ आवाज आला.

मडिवाळप्पा उतरला. चाकाकडं बघितलं. मग रस्त्यावरचा एक दगड उचलला.

"चल माघारी. त्या मलप्प्याचं डोकंच फोडतो आज."

"आरं, आधी उघडून तर बघू!"

"काय बघायचं राहिलंय? मळा गेला माझा, अण्णाराव! आज रातच्याला गेला!"

त्याचा आवाज फाटला. मी चाक उघडायला बसलो. ट्यूब बाहेर ओढली, टायरात हात घालून काटा चाचपू लागलो. काटा नव्हता. पण बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. चिमटीत घेऊन नखावर घासलं. नखावर चरे उठले.

हे ह्याला सांगायचं कसं?

"मडिवाळप्पा, ही इभूत कशाच्या गोवऱ्यांची रं?"

"छावणीतल्या. ह्या साली दारात जनावर कुठं हाय? माझी अव्वा छावणीतलं शेण गोळा करून आणती."

"छावणी तर नदीच्या वाळूत हाय."

"मग?"

"मग त्या शेणात वाळू असंल. गाडी पळाली की ती आत ट्यूबला घासती. मलप्पाचा दोष न्हाई. रस्त्याचा न्हाई. ही इभूतच..."

त्यानं हात उगारला. खरंच उगारला. तीस वर्षांत आमच्यात शिव्या झाल्या होत्या, हात कधी उगारला नव्हता. मी डोकं खाली घातलं नाही. कुणास ठाऊक कुठून आलं होतं एवढं बळ.

हात तसाच राहिला. मग त्यानं बटव्यातली चिमूट काढून तोंडात टाकली. लहानपणापासून तो रोज खायचा ती इभूत, पण जिभेवर ठेवून गिळून टाकायचा. त्या दिवशी चावली. दाताखालचा कचकच आवाज मलाही ऐकू आला.

हातातला दगड खाली पडला होता, मडिवाळप्पा त्याच्याकडंच बघत होता.

"तिला डोळ्यांनी दिसंना रे आता," तो म्हणाला. "तिला कुठनं कळावी वाळू? अव्वाला सांगू नको. शपथ हाय तुला."

"न्हाई सांगत. पण पाण्याचं काय?"

भोकं शोधून ठिगळ लावायचं तर ट्यूब पाण्यात बुडवावी लागली असती. मी डब्याकडं बघितलं तसा तो खेकसला, "त्या पाण्याला हात लावू नको!" आणि त्यानं डोक्यावरचा रुमाल सोडला. आमच्यात गडी माणूस बोडक्यानं गावात शिरत नाही; घरात कुणी गेलं की काय, असं विचारतात लोक. त्यानं तो नऊ हाताचा रुमाल पिळून टायरात कोंबला. पुरेना. मग मीही माझा सोडला.

ते गचके खाणारं चाक ढकलत आम्ही दिवस मावळताना मळ्यात पोचलो. दोघंही बोडके. मडिवाळप्पाची बायको शिवकांता आम्हाला बघून मटकन खालीच बसली. तिला वाटलं, कुणीतरी गेलं. मडिवाळप्पानं तिच्या हातात तांब्या दिला. "कुणी गेलं न्हाई. वेलींस्नी पाज आधी." पानं खाली लोंबत होती. एकेका वेलीच्या मुळाशी अर्धा तांब्या, त्यावर ओलं पोतं. दोन्ही डबे पार निथळून घेतले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा देगलूरला गेला आणि मलप्पासमोर हात जोडून सगळं बोलला. मलप्पा हसला नाही. म्हणाला, "मालक, चूक माझी. पावडर म्हणलो, कंची ते सांगितलं न्हाई." त्यानं टायर पुसून काढला, जुनी ट्यूब चिरून आतून अस्तरासारखी बसवली, नवी काळी ट्यूब घातली, आणि चेहऱ्याला लावायच्या वासाच्या पावडरीचा एक डबा हातावर ठेवला.

मडिवाळप्पानं ती पावडर इभुतीच्या बटव्यात भरली. पंधरवड्याला चाक उघडायचा, रत्नम्मा ओसरीवर बसलेली असायची, आणि हा बटवा सोडून डोळे मिटून पुटपुटायचा. म्हातारी हात जोडायची. ट्यूब टिकली. वेली टिकल्या. गावात बोलबाला झाला की रत्नम्माच्या इभुतीनं मळा राखला.

मग एक दिवस गावातला ईश्वरप्पा दारात आला. त्याच्या सायकलीची ट्यूब सारखी बसायची. "रत्नम्मा, चाकात घालाया चिमूटभर इभूत द्या की."

मी तिथंच होतो. मडिवाळप्पाचा चेहरा उतरला. म्हातारी आपली उतरंडीला हात घालणार, तोच हा उठला. "थांब अव्वा, माझ्याकडली देतो." बटव्यातून कागदात पुडी बांधून दिली. ईश्वरप्पानं ती कपाळाला लावली आणि पुडी खिशात घालून गेला.

अंगणात आम्ही तिघंच उरलो तशी रत्नम्मानं लेकाला जवळ बोलावलं. त्याच्या बटव्यावर हात ठेवला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "डोळं गेलंय माझं, नाक हाय अजून. पुढल्या बारीला बिनवासाची आण."