अकरा नोंदी

भूकंपानंतरच्या वर्षी मी विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. माझा प्रोजेक्ट लातूरकडच्या एका वसाहतीच्या पाण्याच्या टाकीवर होता. पंप चालला की पाणी किती चढतं, नळ सोडले की किती उतरतं, हे मोजायचं आणि त्या आकड्यांवरून पुढची पातळी सांगणारं समीकरण बसवायचं.

मोजायचं काम टाकीवरचे ऑपरेटर पाशामियाँ करायचे. महिनाभर दर अर्ध्या तासाला त्यांनी पातळी वहीत लिहिली. माझं समीकरण छान जुळलं, फक्त अकरा नोंदी जुळेनात. पूर्वेचा व्हॉल्व्ह उघडला की वहीतलं पाणी माझ्या उत्तरापेक्षा भराभर उतरायचं. अहवाल द्यायला चारच दिवस उरले होते. मी त्या नोंदी गाळल्या आणि लिहिलं, 'ऑपरेटरच्या वाचनातील चुका.' जाऊन त्यांना एकदा विचारावं, एवढंही मी केलं नाही.

प्रोजेक्टला पहिला नंबर मिळाला. अहवालाची एक प्रत वसाहतीच्या इंजिनिअरकडे गेली.

पुढे मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवू लागले. चौकात माझ्या फोटोचा बोर्ड लागला. तिसऱ्या वर्षी तेच इंजिनिअर मुलीच्या प्रवेशासाठी आले. बोलता बोलता म्हणाले, "मॅडम, त्या टाकीची पूर्वेची लाईन भूकंपातच फुटली होती. जमिनीतल्या जमिनीत गळत होती. आत्ता खोदल्यावर कळलं."

"आणि पाशामियाँ?"

"त्यांना तुमचा अहवाल आला तेव्हाच काढलं."

पाशामियाँ एका गादीच्या दुकानात कापूस भरताना सापडले. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला.

"मी दोनदा बघून लिहायचो, बाई," ते म्हणाले. "साहेब बोलले, नजर गेली तुझी. चष्मा बदललो मी. मलाच वाटायलं, आपलंच चुकलं आसंल."

"तुमची एकही नोंद चुकली नव्हती. मी साहेबांना लेखी देते. कॉलेजलाही कळवते."

"द्या. पण आधी घरी चला. जन्नतबीला तुमच्या तोंडानं सांगा. ती अजून मला भाजी निवडू देत न्हाई."

मी गेले. त्यांच्या बायकोसमोर बसून पहिल्यापासून सांगितलं. जन्नतबींनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडं पाहून रडू लागल्या. मला चहा विचारला नाही.

पत्रं मी दुसऱ्या दिवशी दिली. टाकीवर तोवर दुसरा माणूस कायम झाला होता.